कोरडी

दिंडोरी रोडच्या तळघरात बारा अंश,
आणि स्वेटर नाशकात, खुर्चीवर राहिलेला.
नलूताई धात्रक बूच फडक्यात धरतात,
फिरवतात ती बाटली.
नुसता एक सुस्कारा.
"उडवायला दिवाळी आहे," म्हणतात.

गोडी भरायच्या आधीच तोडलेली द्राक्षं.
दोन वर्षं ही अंधारात आडवी निजली,
मग सहा आठवडे ताईंनी तिला
रोज पाव फेरा दिला,
मान थोडी खाली, अजून थोडी,
गाळ गळ्याशी येईपर्यंत.

पेल्याच्या तळातून बुडबुड्यांचा एकच दोर
वर येतो, तुटत नाही.
मी नाक घालतो. आधी काहीच नाही.
मग भाकरीचा पापुद्रा, तव्यावरून नुकता सुटलेला.
कैरीची साल.
आणि पाटीवरची पेन्सिल,
तिसरीत बाकाखाली लपून खाल्लेली,
हे मात्र वहीत लिहीत नाही.

घोट.
जिभेच्या कडेने आंबट धार,
फेस दाटतो, विरतो,
आता गोड येईल, आता येईल,
म्हणून मी थांबतो.
येत नाही.
तरी हात पुन्हा पेल्याकडे जातो.

"कोरडी आहे," मी म्हणतो,
ओल्या ओठांनी.

ताई हसतात. त्या पीत नाहीत.
रिकामे पेले गोळा करताना
माझा तेवढा कानाशी धरतात,
तळाशी थेंबभर उरलेली,
आणि धुवायचा सोडून
परत माझ्यापुढे ठेवतात:
"अजून बोलतेय."