नग आठ

चंपाषष्ठीला आठ दिवस होते.
बुळेकाकू सराफ्यात आल्या,
रुमालात घरचे देव.
"नाकडोळे गेले हो सगळ्यांचे," म्हणाल्या.
"आटवा, पुन्हा घडवा.
चांदी हीच. कमी पडेल ती माझी."

मी टाक गादीवर मांडले.
तुळजाईचा हात, तेवढाच उरलेला.
वीराचा घोडा, वर वीर नाही.
बाकी हळद.

आणि त्यांच्यात एक गोल,
जाड, कडा वेडीवाकडी,
टाकासारखा मागून पोकळ नव्हे.

एका बाजूला शिरस्त्राण घातलेली बाई,
नाक ठसठशीत,
गालावर छिन्नीचा आडवा घाव:
आत चांदीच आहे ना, बघायला.
आम्ही टंच काढणारी माणसं, आम्हाला हा घाव कळतो.
भडोचच्या बंदरात कुठल्याशा पेढीवर
माझ्यासारखाच कुणी संशयी बसला असेल
सकाळची भवानी व्हायची म्हणून.

दुसऱ्या बाजूला घोडे उधळलेले,
दोन स्वार, भाले पुढे,
प्रत्येकाच्या डोक्यावर एक तारा.
खालची झिजकी अक्षरं
माझ्या पोरानं मोबाइल धरून लावली: रोमा.

"दीनार आहे, काकू. रोमचा.
हे तिथले जुळे देव.
आटवला तर चार ग्रॅमसुद्धा भरायचा नाही.
तसाच विकला तर"
मी आकडा सांगितला.

आकडा ऐकला त्यांनी. नाही असं नाही.
चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.
"सासूबाई म्हणायच्या, हा खंडोबा.
घोडा बघा की.
बावन्न वर्षं भंडारा वाहिलाय मी याला."

"पण आजी, हे तर दोघं आहेत," पोरगा म्हणाला.

"असू देत.
एवढ्या लांबून एकटा कसा येईल?"

मी कसोटी काढली नाही.
घावात भंडारा बसला होता, पार तळापर्यंत,
सुईनं टोकरला तरी निघाला नसता.

संध्याकाळी मुशीत सवागी टाकली.
वीराचा घोडा आधी गेला.
तुळजाईचा हात बराच वेळ
वर राहिला.

पावतीवर लिहिलं होतं:
नग आठ. सात आटवायला.
एक परत.
परतच्या पुढे वजन घालायचं राहूनच गेलं,
टंकसाळ्यांच्या पेढीवर असं होत नाही.

शटर ओढलं तेव्हा
ओट्यावर गराडूवाल्याची कढई तापत होती.
"सेठ, जरा सरका," म्हणाला तो.
सरकलो.
बोटं पिवळीच होती.