अंगी लागणं

सहा नंबरचं कुलूप मीच बदललं होतं.
दोन महिन्यांचं भाडं थकवून कॉर्विन गेला,
गादी नेली, गिटार नेलं,
आणि तीन आठवडे मी वर चढलेच नाही.
जिना गोठलेला. रिकाम्या खोलीला कसली घाई?

दार उघडलं तर खिडकीशी काचेची पेटी,
तळाला करडी ढेकळं,
बशीत पांढरी रेघ, पाणी होतं तिथवरची.
एका ढेकळाला डोळे होते.

सॅलमँडर. काळ्या अंगावर विटके पिवळे पट्टे,
पोट खपाटीला, शेपूट वाळक्या शेंगेसारखी,
बोट न लावता मणके मोजावेत असा कणा.
मी एकसष्ट वर्षांची. मांजरही पाळलं नाही कधी.
नवरा होता, तो आपलं आपण खायचा.

टपालाच्या काट्यावर ओला रुमाल अंथरला,
आकडा शून्यावर आणला, त्याला ठेवला :
एकतीस ग्रॅम.
घर खाली करायची नोटीसही याच काट्यावर तोललेली,
तिकिटं किती लागतील ते बघायला.

हॉटनची डॉक्टर पेल्टोला फोनवर म्हणाली,
आधी पाणी, घास नंतर.
नळाचं नको, विहिरीचं आण.
हात ओले ठेव, साबण नको,
तो कातडीनंच पाणी पितो.
आणि ऊब देऊ नकोस.
ऊब नको?
आमच्यात कुणी नुसतं शिंकलं तरी
आधी सौना तापवतात.
नको, म्हणाली. तळघर बरं.

मग तळघरात, बटाट्यांच्या पोत्याशेजारी
ओलं शेवाळ, फुटक्या कुंडीची अर्धी गुहा.
बर्फात भोक पाडून मासे धरणाऱ्यांसाठी
आर्व्हो गांडुळं विकतो, डझनाचा डबा.
‘काय, यंदा तूही तळ्यावर?’
हो म्हणाले. खरं सांगायला लाज वाटली.

चिमट्यात पेराएवढा तुकडा.
पहिल्या रात्री नाही.
दुसऱ्या रात्री नाही.
तिसऱ्या रात्री मी त्याच्यावर ओरडले,
आईच्या ठेवणीतल्या फिनिश शिव्या,
मग गुपचूप दिवा मालवून वर आले.

पाचव्या दिवशी त्यानं कात टाकली,
भिजल्या कागदासारखी पायांतून सोडवली
आणि वळून खाऊन टाकली.
पायरीवर बसून मी बघत राहिले.
घरात दुसरं काही नसलं की
माणूस काय काय खातो, ते आठवत.

सातव्या रात्री एका हातात चिमटा,
दुसऱ्यात सुपाचा चमचा, लक्ष सुपातच.
टच्.
एवढाच आवाज.
सूप माझ्या मांडीवर.

अजून द्यावं, अख्खा डबा द्यावा असं झालं.
डॉक्टर म्हणाली, उपाशी पोटाला भरलं ताट बाधतं,
दोन दिवसांनी एकच.
हात आखडता घेणं मला नवीन नाही,
भाडेकरूंना विचारा.
पण हा आखडलेला हात रात्रभर दुखला.

फेब्रुवारीत बिलांच्या ढिगाखाली पाकीट सापडलं,
न फोडलेलं. तिकीट कमी लावलेलं,
उरलेले पैसे मीच भरले होते पोस्टात
आणि कुरकुरत ढिगात टाकलं होतं.
‘मिसेस कांगास, किल्ली लागत नाही.
नव्या जागेत अजून विचारलं नाही, पण विचारीन.
सहामध्ये बघाल का?
ती अंधार पडल्यावर खाते. प्लीज.’

ती.
मी आपली दोन महिने तो, तो करतेय.

कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं आकडे :
एकतीस, एकतीस, तीस, तेहतीस.
आज अडतीस.
शेपटीच्या मुळाशी बोटभर गोलाई आलीय.
खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून
आई मला बोलायची. हिच्या लागतंय.

कॉर्विनला पत्र लिहायला घेतलंय.
‘अडतीस ग्रॅम’ एवढं लिहून झालं.
कुलपाचं काय लिहावं, ते सुचत नाही.
पाकीट काट्यावर ठेवून पाहिलं,
एका तिकिटात जाईल.

बाहेर अंधार पडला.
चिमटा कुठं ठेवलाय मी.