दुकानात आणलं की चालतं

तांडेलांचा पीसी तिसऱ्यांदा चरईत आला,
स्कूटरवर, पोराच्या मांडीत, चादरीत गुंडाळून.
"मॅडम, दुपारी आपोआप बंद पडतो, आपोआप उठतो.
रोज नाही. पण पडतो."

मी लावला. चालला.
रात्रभर ठेवला. चालला.
दुकानात आलेलं मशीन
डॉक्टरसमोर बसवलेल्या पोरासारखं,
ताप घरी ठेवून येतं.

तरी उघडलं.
पंख्यात कोर्टनाक्याची धूळ,
पालीच्या अंड्याचं टरफल, एक वाकडी टाचणी.
रॅम काढून खोडरबराने तिचे पिवळे दात घासले.
प्रोसेसरवरची पेस्ट खरवडली, वाळल्या चुन्यासारखी.
कपॅसिटर एकेक पाहिले, कुणाचं डोकं फुगलंय का.
कुणाचंच नाही.
वास घेतला. हो, वासच.
वझेसरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं,
मीटर नंतर, आधी नाक.

शेवटी मीच गेले.
कोर्टाच्या भिंतीलगत तांडेलांचं टेबल, वर निळी ताडपत्री,
शेजारी झेरॉक्सवाला, दर कॉपीनंतर मशीन बंद करणारा,
बिल वाचवायला.
जिन्याखालच्या एका बोर्डातून दोघांना एकच वायर.
हे मी आल्या आल्या बघितलं,
आणि खरं सांगते, बघून सोडून दिलं.

स्टुलावर बसून राहिले.
हरवलेली मार्कशीट, चुकलेली जन्मतारीख,
रेशनकार्डात राहून गेलेली सून.
पीसी शहाण्यासारखा चालू.

तीनच्या सुमाराला एक बाई आली.
नाव बदलायचं होतं. म्हणजे पहिलं परत हवं होतं.
ती सांगत गेली, तांडेल टाइप करत गेले,
लग्न कुठल्या हॉलमध्ये, सासरे काय करायचे,
मध्ये कोण पडलं, कोण पडायला हवं होतं आणि पडलं नाही,
निकाल कुठल्या तारखेचा, तेव्हा पाऊस किती
स्क्रीन काळी.
पंखा थांबला. फिरला. एक बीप.
"सेव्ह नव्हतं केलं," तांडेल म्हणाले,
माझ्याकडे बघून.

तिने परत सांगितलं.
या वेळी सासरे नव्हते, हॉल नव्हता, पाऊसही नव्हता.
स्क्रीन काळी.

मी मीटरच्या पिना बोर्डात खुपसून बसले.
आमच्या धंद्यात असंच करतात,
एकेक सुटं करत जायचं,
सीडी ड्राइव्ह, जादाची डिस्क, साउंड कार्ड,
जेवढ्यावर जीव धरेल तेवढंच ठेवायचं
आणि बटण दाबून बघायचं, उठतंय का.

तिसऱ्यांदा ती माझ्या बाटलीतलं घोटभर पाणी प्याली.
"लिहा. मी, हेमलता काशिनाथ भगत,
वय एकेचाळीस, राहणार राबोडी.
माझं नाव हेच आहे."
"आणि बदलाचं कारण?"
"लिहावंच लागतं?"
तांडेलांनी चष्मा कपाळावर चढवला.
"वैयक्तिक लिहितो."

तेवढ्यात शेजारी कुणीतरी जाडजूड फाइल आपटली
आणि झेरॉक्सवाल्याचा हात बटणाकडे निघाला.
"सेव्ह करा!" मी ओरडले,
भिंतीवरची कबुतरं उडाली.
तांडेलांनी दाबलं.
मीटरवर दोनशे अठ्ठावीस होते, एकशे साठ झाले,
स्क्रीन काळी.

बोर्डातला न्यूट्रल सैल होता, टोकाला जळून काळा.
मेन पाडला, तार खरवडली, स्क्रू आवळला.
अडीच फेरे.

"बिलावर काय लिहिणार? बिघाड कशात होता?"
तांडेलांचा आवाज थोडा दुखावलेला.
तीनदा चादरीत गुंडाळून आणलं होतं त्यांनी.
मी लिहिलं, भेट, दोनशे रुपये.
पुढचा रकाना कोरा सोडला.

भगतबाईंनी प्रिंट दोनदा वाचली.
नावावर बोट ठेवलं, शाई ओली नाही ना बघायला.
"याची एक झेरॉक्स हवी."

झेरॉक्सवाल्याने झाकण उचललं.
आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत उभे.
हिरवा उजेड काचेखालून सरकत गेला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पंखा फिरत राहिला.