पाणी बेताने

विक्सच्या रिकाम्या डबीत सतरा बिया.
इब्राहिमभाई मजगावकर म्हणाले, "कंपाउंडर, लावून बघा.
जिनोव्हाच्या बंदरात आमच्या भटाऱ्याच्या आईने दिलं.
नाव विसरलो. डोळ्यांसाठी असतं."
बोट सोडून त्यांना सहा महिने झाले होते,
जयगडच्या रस्त्यावरही अजून पाय फाकवूनच चालायचे.
गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मी थेंब मोजले,
म्हणून डबी माझ्याकडे आली.

पहिल्या साली चुकलो.
जांभ्याची माती, वर शेणखत,
मिरचीचे करतो तसे लाड केले.
श्रावणात पानं काळी पडली
आणि एका रात्रीत रोपं बसली
ओल्या पापडासारखी.
नऊ बिया गेल्या.
नलू म्हणाली, "नसेल मानवत त्याला इथली हवा.
मला तरी कुठे पहिल्या साली मानवली होती?"

मग हात आखडला.
फुटकी घागर, तळाशी कौलांचे तुकडे,
खाडीची वाळू, जिभेला खारट लागेनाशी होईपर्यंत धुतलेली,
कालवांच्या शिंपल्या कुटून एक ओंजळ.
चुना लागेल असं कुणी सांगितलं नव्हतं.
कोंबडीला लागतो, तर ह्याला का नको,
इतकाच माझा हिशेब.
भात झोडून झाल्यावर पेरलं,
पडवीच्या कडेला, जिथे ऊन पोचतं
आणि पागोळी पोचत नाही.
आठवड्याला दोन करवंट्या पाणी.
अडीच नाही.

पानं आली बैलाच्या जिभेसारखी,
खरखरीत, सुरकुतलेली.
चुरगाळलं की वास:
गवताची गंजी, घाम, किंचित जायफळ
आणि मागून काहीतरी, जे आपल्या गावात नाही.
नलूने हुंगून हात पदराला पुसला.
मग पुन्हा हुंगला.

जाळी विणणारी सुगंधा विचारून गेली, रानतुळस काय हो?
पोरं म्हणायला लागली, बोटीचा पाला.
तांदळाच्या पिठात बुडवून नलूने भजी केली.
इब्राहिमभाईंनी चार खाल्ली,
पाचवं हातात धरून खाडीकडे बघत राहिले.
"भटारी अंड्यात बुडवायचा," म्हणाले.
"हे त्याहून बरं."
ते खोटं बोलतायत हे आम्हा तिघांनाही कळलं.

पुढचा पावसाळा घागर घरात, शिलाई मशीनच्या बाजूला.
तीन रोपं होती, एक उरलं.
माघात त्याने दांडा वर काढला,
कागदासारखी फुलं, गुलाबी की जांभळी ठरेना,
आणि काजूच्या मोहोरावरचे भुंगे
वाट वाकडी करून पडवीत यायला लागले.

तोवर इब्राहिमभाईंच्या डाव्या डोळ्यात धुकं उतरलं होतं.
रोज सकाळी गडग्यापलीकडून हाक:
"बी पिकलं काय?"
ते काय मागतायत, मला ठाऊक होतं.
म्हशींच्या डोळ्यांतली कुसळं काढलीत मी,
म्हणूनच सांगितलं, मोतीबिंदू म्हणजे कुसळ नव्हे.
बुधवारी रत्नागिरीला जाऊ. डोळ्यात काही घालायचं नाही.

तरी एक बी बशीतल्या पाण्यात टाकली.
दोघं वाकून बसलो.
आधी काहीच नाही.
मग तिच्याभोवती सब्जासारखा
पारदर्शक पडदा फुगत गेला,
मधे काळा ठिपका,
आणि बशी आमच्याकडे बघायला लागली.
"एवढंच?"
"एवढंच."
पाणी त्यांनी फेकलं नाही. घागरीत ओतलं.

बुधवारची एसटी चुकली. गुरुवारी गेलो.
परतताना डोळ्यावर हिरवी पट्टी,
पूर्ण रस्ताभर ते मला भटाऱ्याच्या आईबद्दल सांगत होते,
तिचंही नाव न आठवता.

आज डबीत पुन्हा बिया भरल्या. सतराच, मोजून.
वर चिकटवायला दवाखान्यातली जुनी चिठ्ठी काढली.
नाव: कोरं सोडलं.
मात्रा, ह्या ओळीवर
माझ्या त्याच तिरप्या अक्षरात लिहिलं,
पाणी बेताने.