दोन छेद पाच

रेंज येते ती फक्त कोळशाच्या खोलीत,
तीही बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं तर.
आट-बाशीच्या वर, रस्ता जिथं संपतो त्या गावात,
शाळा सुटली की मी तिथं असते,
एका हातात फोन,
दुसऱ्या हाताचा मोजा दातांत धरलेला.

पावणेदोन वर्षं मी नुसती वाचत होते.
तालास, ओश, बातकेन, कुठकुठले चारशे मास्तर नि बाई.
कुणी फळ्याचा फोटो टाकायचं,
कुणी विचारायचं, तीन इयत्ता एका खोलीत कशा बसवता,
कुणी एवढंच लिहायचं: आज काहीच जमलं नाही.
मी भिंतीला कान लावलेली शेजारीण.
ऐकायचं सगळं,
आणि समोरासमोर आलं की अंगठा दाखवून निघून जायचं.

माझ्याकडं होतं काय सांगण्यासारखं?
सोळा मुलं, एक शेगडी,
आणि एक नकाशा, ज्यात अजून तो देश आहे
जो माझ्या लहानपणीच संपला.

मग नोव्हेंबरातला तो मंगळवार.
एक छेद दोन अधिक एक छेद तीन.
सोळातल्या अकरा वह्यांत: दोन छेद पाच.
तिसऱ्यांदा शिकवलं होतं मी.
लसावि घोकून घेतला, नानचे तुकडे करून दाखवले,
मुलांनी तुकडे खाल्ले
आणि लिहिलं, दोन छेद पाच.

बादलीवर चढले.
लिहिलं, खोडलं, परत लिहिलं:
माझं कुठं चुकतंय?
पाठवलं, आणि फोन खिशात असा कोंबला
जणू तो चावणार होता.

दुसऱ्या दिवशी सतरा उत्तरं.
बातकेनची कानिशाय: माझ्याकडं पण हेच, अगदी हेच.
तोकमोकच्या सापारबेकनं पट्ट्या रंगवून पाठवल्या.
एकानं सुनावलं, पाया कच्चा आहे.
कुणाचा, ते लिहिलं नव्हतं.
आणि काराकोलच्या तुरसुनबू एजे,
ज्यांच्या प्रशिक्षणात आम्ही पाठ टेकायलाही भ्यायचो,
त्यांची एक ओळ:
मुलांना विचारलंस का?

नव्हतं विचारलं.
बावीस वर्षं चूक दिसली की हात आपोआप
लाल पेनकडं गेला होता.

एमिलबेक उभा राहिला. खिशातून चुको काढले,
मेंढीच्या घोट्याची हाडं, खेळून खेळून गुळगुळीत झालेली.
"काल दोनदा नेम धरला, एकदा लागला.
आज तीनदा धरला, एकदा लागला.
पाचांत दोन.
एजेके, यात चुकलं काय?"

शेगडीत कोळसा ढासळला.
मी म्हणणार होते, चूक.
तोंडातून आलं, थांब.
त्याचं बरोबर होतं. पुस्तकाचंही बरोबर होतं.
प्रश्नच दोन होते,
आणि मी एकच शिकवत आले होते.

मागच्या बाकावरून आयचुरेक पुटपुटली,
नान तर एकच आहे ना. नेम पाच आहेत.
मग जी भांडाभांडी झाली
तिच्यात घंटा द्यायची राहून गेली.

त्या संध्याकाळी बोटं बधिर होईतो लिहिलं.
चुको, नान, आयचुरेक, सगळं.
माझं थांबणंसुद्धा.

तुरसुनबू एजे दोन दिवस गप्प.
मला वाटलं, आगाऊपणा झाला.
तिसऱ्या दिवशी आलं:
एकतीस वर्षं मी या उत्तरावर फुली मारली.
किती मुलांच्या, ते आता मोजता येत नाही.
तुझ्या त्या पोराला सांग,
काराकोलला एक म्हातारी नेम धरायला शिकतेय.

काल रात्री तालासचा कुणी नवखा लिहून गेला,
आज काहीच जमलं नाही.
खाली नऊ अंगठे.
बर्फ दारापर्यंत आलं होतं, बादली डगमगत होती.
मी मोजा दातांत धरला
आणि लिहिलं:
काय शिकवत होतास?
मुलं काय म्हणाली?