चुकीचा डबा

अमरावतीहून डबा आला तोच चुकीचा.
वर चिठ्ठी कुठल्याशा देवीची,
आत सात रिळं, कोणत्या मुलखाची देव जाणे,
मुकी, आणि बर्फाने भरलेली.

कोळझरीच्या बाजारात तंबू उभा,
तिकिटं फाडून झालेली,
पैसे परत द्यायची आमच्यात रीत नव्हती.
खडीगंमतीतला पेटीवाला चिंधू मदतीला बसवला
आणि बाबा भोंगा घेऊन पडद्याशेजारी उभे राहिले.
उकंडराव लोणारे, दुसरी नापास,
पाट्या वाचणार.

"पाह्या, रुई उडून राह्यली," ते म्हणाले,
कारण पांढरं काही हवेतून पडतं
ते आमच्याकडे फक्त जिनिंगच्या पत्र्याखाली.
बायांनी माना डोलावल्या.
एवढी रुई म्हणजे भाव पडला असंल,
मागून कुणीतरी म्हणालं.

तळ्यावर काच धरलेली. काचेखाली एक पोर,
केस पसरलेले, डोळे उघडे.
मग ती वर, गावात,
अनवाणी, आणि पावलं उमटत नव्हती.
एकेका दाराशी जाई, तीनदा ठोकी.
आतली माणसं मेजाखाली.
एक म्हातारा दाराला कपाट लावताना
स्वतःच रडायला लागला.
चिंधूची पेटी कधी थांबली कळलं नाही.
मशीनची तेवढी खडखड,
उजेडाच्या पट्ट्यात विडीचा धूर.

पाटी आली. काळ्यावर पांढरी अक्षरं,
कारल्याच्या वेलासारखी.
बाबा बराच वेळ गप्प.
मग भोंग्यातून म्हणाले,
"पाव्हनी आली."

पुढच्या चटईवरून बयनाबाई वाढई उठली.
"अव माय, लेकरू काळंनिळं झालं,
उघडा ना बावा दार!
कोनाची व तू? काय पाह्यजे तुले?"
कुणी हसलं नाही.

आणि रीळ अडकलं.
पोर आमच्याकडे तोंड करून थांबली.
गालावर तपकिरी भोक उमललं,
वाढत डोळ्यापर्यंत गेलं,
तेवढ्यात बाबांनी मशीन विझवलं.

अंधार.
कुणीतरी कनात उचलून धरली होती.
गार हवा आत आली,
वाळल्या पऱ्हाट्यांचा वास आला,
बराच वेळ येत राहिला.
मग कनात खाली पडली.
"सरकून बसा थोडं," बयनाबाई म्हणाली,
आणि चटया सरकल्याचं मी ऐकलं.

नागपुरात, चाळीस वर्षांनी, गार हॉलमध्ये
तोच सिनेमा, धुऊनपुसून,
प्रत्येक पाटीखाली इंग्रजी ओळ.
वेलाच्या अक्षरांची पाटी आली तेव्हा
मी पुढे झुकलो.
उघडू नका, एवढंच होतं.
कुणी उघडलं नाही.
शेवटपर्यंत ती दारं मोजत गेली,
मग तळं, मग काच.

दिवे लागायच्या आधी
शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची पिशवी
मी उचलून मांडीवर घेतली.