कॉन्टेसा

जुन्या बाजारातून एका बुधवारी
आरशाची काच आणून बसवली तेव्हा
दस्तगीर म्हणाला, "साहेब, आता काय राहिलं?"
मी टपावरून हात फिरवत राहिलो.
सात वर्षांत पहिल्यांदा
यादीत काही नव्हतं.

नाना पेठेतल्या अर्ध्या गल्लीला माझं नाव ठाऊक नाही,
गाडीचं साल ठाऊक आहे: एकोणनव्वद.
कार्ब्युरेटर तीनदा उघडला. गंज
नखानं खरवडावा तसा काढला.
आणि आता ती बिबवेवाडीच्या पार्किंगात
चादरीखाली उभी,
लग्नघरातल्या लांबच्या पाहुणीसारखी, काम नसलेली.
रविवारी कात्रजपर्यंत नेतो,
खड्डे चुकवत, श्वास धरून.
याला काय चालवणं म्हणायचं?

चिंचवडात एक झेन बघून आलोय.
मागची सीट नाही, आत नुसत्या लोखंडी नळ्या.
ट्रॅकवर ओरखडा पडला तर पडला.
मुग्धानं विचारलं, "मी बसायचं कुठे?"
"तू नाही बसायचं."
बोलून गेलो, मग दोघंही
चहाच्या कपात बघत राहिलो.

सासवडचा कामठे आला, पंचविशीतला.
बॉनेट उघडून बघितलंच नाही,
सरळ स्टीअरिंगमागे बसला, दार ओढलं.
लागेना.
"जरा उचलून," मी म्हणालो.
त्यानं उचललं. खट्.

दस्तगीरपासूनही हे दार लपवलं होतं मी.

"एवढं करून घेतो," कामठे म्हणाला.
किल्ली देता देता म्हणालो,
घाई नाही.